काळा खेळाडू म्हणजे वेगवान गोलंदाजच?

गोदाकाठ | ३० नोव्हेंबर २०२५, रात्री १०.१५

दक्षिण आफ्रिकेविरुद्धची गुवाहाटीची कसोटी आपण ४०८ धावांनी हरलो, मालिका ०-२ गेली. त्याची चिरफाड शेजारच्या धाग्यावर चालू आहे, ती इथे नको. मला वेगळं बोलायचंय. मालिकाभर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इथेही एकच वाक्य सारखं वाचनात आलं: "बवुमा काय, कोट्यातला आहे." म्हणजे आफ्रिकेचा हा काळा कर्णधार संघात आहे तो गोरेतर खेळाडूंसाठी ठरवून दिलेल्या जागांमुळे.

हा माणूस जूनमध्ये लॉर्ड्सवर मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत ६६ धावा काढतो, मार्करमबरोबर १४७ ची भागीदारी करतो आणि आफ्रिकेला २७ वर्षांनी आयसीसीचा करंडक मिळवून देतो. ईडनवर सगळ्या सामन्यात दुसऱ्या कुणालाही पन्नाशी गाठता आली नाही, तिथे नाबाद ५५ करतो, आणि आपण १२४ चा पाठलाग करताना ९३ मध्ये आटोपतो. तरी वाक्य तेच.

आता दक्षिण आफ्रिकेकडून खेळलेले काळे आफ्रिकन खेळाडू आठवून बघा. मखाया एन्टिनी, एम्फुनेको एन्गाम, त्सोत्सोबे, रबाडा, एन्गिडी. सगळे वेगवान गोलंदाज. फलंदाज आठवायला गेलात की बवुमापाशी गाडी अडते. वर्णभेदामुळे आलेल्या बहिष्कारानंतर आफ्रिका १९९१ साली परतली, पहिला सामना आपल्याच ईडनवर खेळली. काळ्या आफ्रिकन फलंदाजाचं पहिलं कसोटी शतक आलं जानेवारी २०१६ मध्ये, केपटाउनला, बवुमाचं नाबाद १०२. मध्ये चोवीस वर्षं गेली. ज्या देशात ८१% लोक काळे आफ्रिकन आहेत आणि ७% च्या आसपास गोरे, तिथली ही गोष्ट.

याचं सोपं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. "ते अंगानेच दणकट असतात, पळायला आणि जोरात टाकायला जन्मलेले." ऐकायला कौतुक वाटतं. माझं म्हणणं असं की नेमकं हेच कौतुक त्यांना फलंदाजीपासून आणि कर्णधारपदापासून दूर ठेवत आलंय. एखाद्याला तुम्ही "निसर्गाने दिलेली ताकद" म्हणालात, की त्याच्या डोक्याला, तंत्राला, धीराला काही श्रेय द्यायची गरज उरत नाही. आणि ज्याच्याकडे डोकं आहे असं कुणाला वाटतच नाही, त्याला तिसऱ्या क्रमांकावर कोण पाठवणार?

दुसरं कारण पैशाचं आहे. पोरगं जोरात चेंडू टाकतंय हे एका दुपारच्या शिबिरात दिसतं. एन्टिनी असाच सापडला. किंग विल्यम्स टाउनजवळच्या एम्डिंगी गावात गुरं राखणारा मुलगा, विकास कार्यक्रमातल्या लोकांच्या नजरेस पडला, डेल कॉलेजात गेला, १९९८ ला देशाचा पहिला काळा आफ्रिकन कसोटीपटू झाला आणि पुढे १०१ कसोटींत ३९० बळी घेतले. फलंदाज असा एका दुपारी सापडत नाही. त्याला आठ-दहा वर्षं चांगली टर्फ खेळपट्टी लागते, पॅड, हेल्मेट, दर एक-दोन वर्षांनी नवी बॅट, आणि रोज शंभर चेंडू टाकणारं कुणीतरी लागतं. टाउनशिपमध्ये, म्हणजे शहराबाहेर वसवलेल्या काळ्यांच्या वस्त्यांत, हे कुठून आणायचं?

बवुमा केपटाउनजवळच्या लांगा टाउनशिपचा. तो सांगतो की लहानपणी ज्या चौकात खेळायचे तिथल्या प्रत्येक रस्त्याला मुलांनी नाव दिलं होतं. एका बाजूचं डांबर उखडलेलं, चेंडू कसाही उडायचा, ती बाजू कराची. दुसरी एमसीजी. आणि जी गुळगुळीत होती ती लॉर्ड्स. त्याचं नशीब की पुढे न्यूलँड्सजवळच्या चांगल्या शाळेत त्याला शिकायला मिळालं. त्या चौकातल्या बाकीच्या पोरांचं काय झालं, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

---

सरळबॅट | ३० नोव्हेंबर, रात्री १०.५८

लेख मनापासून लिहिलाय, पण मला पटला नाही.

खेळात एकच नियम असावा, जो चांगला तो खेळेल. आफ्रिकेने तो मोडला याची किती उदाहरणं देऊ? २००२, सिडनी. निवड समितीने गोऱ्या जॅक रुडॉल्फला घेतलं होतं, बोर्डाचे अध्यक्ष पर्सी सॉन यांनी तो निर्णय फिरवला आणि मिश्रवंशीय जस्टिन ऑन्टाँगला खेळवलं. २०१५ विश्वचषकाची उपांत्य फेरी, ऑकलंड. फॉर्मात असलेला गोरा काइल अॅबट बाहेर, दुखापतीतून नुकताच उठलेला मिश्रवंशीय फिलँडर आत. सामना हरले. केव्हिन पीटरसन तर कोट्याला कंटाळून देशच सोडून गेला.

बवुमा आज चांगला खेळतोय, मान्य. पण पहिलं शतक २०१६ ला आणि दुसरं २०२३ ला. मध्ये सात वर्षं. गोऱ्या फलंदाजाला एवढी सवलत मिळाली असती?

आणि शरीराचं म्हणाल तर ऑलिंपिकची शंभर मीटरची फायनल बघा. जवळजवळ सगळे काळे. तिथे कुठला पूर्वग्रह आहे? काही गोष्टी निसर्गाच्या असतात, त्या मान्य करण्यात वंशवाद कसला?

---

क्षिप्रा | ३० नोव्हेंबर, रात्री ११.२०

गोदाकाठ, चौकातल्या लॉर्ड्सचं माहीत नव्हतं. फार आवडलं.

सरळबॅट, शंभर मीटरच्या मुद्द्याचं उत्तर मलाही ऐकायचंय. तो प्रत्येक चर्चेत येतो.

---

गोदाकाठ | १ डिसेंबर, सकाळी ७.०५

सरळबॅट, तुमचे मुद्दे नेमके आहेत, म्हणून एकेक घेतो.

शंभर मीटरमध्ये निवड घड्याळ करतं. कुणाला काय वाटतं याला तिथे किंमत नाही, ९.९ म्हणजे ९.९. म्हणून तिथे दार बंद करता येत नाही. आता अशा जागा बघा जिथे घड्याळ चालत नाही, माणसाचं मत चालतं: कर्णधार, प्रशिक्षक, निवडकर्ता, मधल्या फळीतला फलंदाज ज्याला "थोडा वेळ देऊ" म्हणावं लागतं. काळे खेळाडू नेमके तिथेच विरळ होतात. निसर्गाचा मामला असता तर तो घड्याळ थांबतं तिथेच बरोबर कसा थांबला असता?

वेस्ट इंडीजचं उदाहरण आपल्या मागच्या पिढीला तोंडपाठ आहे. जगातले उत्तमोत्तम काळे फलंदाज आणि गोलंदाज तिथे होते, पण कर्णधार गोरा हवा हा अलिखित नियम. जॉर्ज हेडलीला १९४८ साली एका कसोटीपुरतं कर्णधारपद मिळालं. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कर्णधार म्हणजे फ्रँक वॉरेल, १९६०-६१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. त्या दौऱ्यात ब्रिस्बेनची टाय कसोटी झाली, आणि निघताना मेलबर्नच्या रस्त्यांवर लोकांनी त्या संघाला गर्दी करून निरोप दिला. वॉरेलचं डोकं काही १९६० साली उगवलं नव्हतं.

ऑकलंड. फिलँडर पूर्ण तंदुरुस्त नव्हता, हे मीही धरतो, आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्याला खेळवा असे वरून निरोप आले असतील तर ते फिलँडरवरही अन्यायकारक होतं. ६४ कसोटींत २२ च्या सरासरीने २२४ बळी घेणारा माणूस, आणि आज त्याचं नाव काढलं की लोकांना तोच एक सामना आठवतो. पण त्याच विश्वचषकात पंधरा जणांपैकी एकच खेळाडू असा होता ज्याला एकही सामना मिळाला नाही. आरन फँगिसो, डावखुरा फिरकीपटू, काळा आफ्रिकन. साखळीत दुबळे संघ समोर असतानाही नाही. अॅबटची गोष्ट आपल्याला भारतात बसून माहीत आहे. फँगिसोची किती जणांना माहीत आहे? कुणाचं दुःख बातमी होतं, हेही संधीइतकंच असमान वाटलं गेलंय.

बवुमाची सात वर्षं: शतक नव्हतं, अर्धशतकं होती, आणि त्यांतली बरीच संघ अडचणीत असताना. त्याच काळात आमला, डिव्हिलियर्स गेले आणि त्यांची सगळी फलंदाजीच कोसळली. कर्णधार झाल्यापासून त्याची कसोटी सरासरी पन्नासच्या वर आहे, आणि लॉर्ड्सपर्यंतच्या त्याच्या पहिल्या दहा कसोटींत नऊ विजय, एक अनिर्णित. आणि आमलाचं नाव निघालंच आहे तर, त्यालाही सुरुवातीला हेच विशेषण लावलं गेलं होतं. २०१२ मध्ये ओव्हलवर नाबाद ३११ केल्यावर, म्हणजे आफ्रिकेचं पहिलं त्रिशतक ठोकल्यावर, ते बंद झालं. गोऱ्या खेळाडूला आपली जागा "आपली" आहे हे सिद्ध करायला त्रिशतक लागत नाही.

---

टेक्ससवरून_मंदार | १ डिसेंबर, सकाळी ८.४०

मी गेली बरीच वर्षं इथे अमेरिकेत आहे आणि मुलांमुळे अमेरिकन फुटबॉल बघायला लागलो. गोदाकाठ जे मत आणि घड्याळ म्हणतायत ते इथे इतकं उघड दिसतं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा मेंदू. चाल तो जाहीर करतो, समोरचा बचाव वाचतो, दोन-तीन सेकंदांत ठरवतो की चेंडू कुणाला द्यायचा. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, निम्म्याहून जास्त खेळाडू काळे आहेत, पण ही एक जागा अनेक दशकं गोऱ्यांची. काळी मुलं कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून नाव काढायची आणि व्यावसायिक संघात आली की त्यांना सांगितलं जायचं, "तू वेगवान आहेस, तू पळ." १९७० च्या सुमारास समाजशास्त्रज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. बेसबॉलमध्येही हेच निघालं: काळे खेळाडू मैदानाच्या कडेला, निर्णयाच्या जागा गोऱ्यांकडे.

मार्लिन ब्रिस्को, १९६८, डेन्व्हर. नेहमीचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून याला संधी मिळाली. पहिल्याच वर्षी १४ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी. पुढच्या हंगामात त्याला त्या जागेसाठी विचारलंसुद्धा नाही. तो दुसऱ्या संघात गेला, चेंडू झेलणारा म्हणून खेळला. मायामीच्या १९७२ च्या त्या अजिंक्य संघात तो आहे, पण क्वार्टरबॅक म्हणून नाही.

वॉरन मून. वॉशिंग्टन विद्यापीठाला १९७८ चा रोझ बोल, हा कॉलेज फुटबॉलचा मोठा सामना, जिंकून देतो, सामनावीर ठरतो, आणि त्या वर्षीच्या निवडीत (ड्राफ्ट, जिथे संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने उचलतात) एनएफएलचा एकही संघ त्याचं नाव घेत नाही. जागा बदलायला तो तयार नव्हता. कॅनडाला गेला, एडमंटनसाठी लागोपाठ पाच ग्रे कप, म्हणजे तिथली अजिंक्यपदं, जिंकले, १९८४ ला परत आला आणि शेवटी २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. त्याच १९७८ च्या निवडीत आलेल्या काळ्या डग विल्यम्सने जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, एका क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास टाकले. सामना ४२-१०.

हा जुना इतिहास वाटत असेल तर लमार जॅक्सन बघा. २०१६ च्या हाइजमनचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, विजेता. २०१८ च्या निवडीआधी जाणकार म्हणवणारे लोक उघड सांगत होते की याने झेल घेणाऱ्याची जागा धरावी. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर निवडला गेला. २०१९ मध्ये सगळ्यांच्या मतांनी सर्वोत्तम खेळाडू, २०२३ मध्ये परत एकदा. सुपर बोलमध्ये दोन्हीकडचे क्वार्टरबॅक काळे, हे पहिल्यांदा घडलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, माहोम्स आणि हर्ट्स.

पण ज्याने मला खरोखर झोप आली नाही ती गोष्ट वेगळी आहे. डोक्याला मार बसून स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंना भरपाई द्यायचं एनएफएलने कबूल केलं, शंभर कोटी डॉलरच्या वरची तडजोड. भरपाई किती हे ठरवायला बुद्धीची चाचणी. त्या चाचणीत वंशानुसार वेगळी पातळी धरायची सोय होती. काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी असं गृहीत धरलं जायचं, म्हणजे दोघांना सारखेच गुण पडले तर गोऱ्याची बुद्धी घसरली म्हणून त्याला पैसे, आणि काळ्याची "पहिल्यापासून तेवढीच" म्हणून त्याला नकार. दोन माजी खेळाडू २०२० मध्ये कोर्टात गेले. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करायचं मान्य केलं. २०२१! ज्यांना उमेदीत "डोकं नको, पळ" म्हटलं, त्यांचं तेच डोकं निकामी झाल्यावर पुन्हा तेच ऐकवलं गेलं.

---

वांद्रे_पूर्व | १ डिसेंबर, दुपारी १.३०

मंदार, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. भयंकर आहे.

मुंबईशी संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. २५ ऑक्टोबर २०१५, वानखेडे, मालिका २-२ आणि शेवटचा वनडे. मी स्टँडमध्ये होतो. मरणाचं ऊन. डी कॉक, डू प्लेसी, डिव्हिलियर्स, तिघांची शतकं, ४३८. डू प्लेसी पायात गोळे येऊन दर षटकार मारल्यावर खाली कोसळत होता, शेवटी निवृत्त होऊन गेला आणि आमच्या पब्लिकने उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपण २१४ धावांनी हरलो.

तेव्हा आम्हाला माहीतही नव्हतं की त्या ड्रेसिंग रूममध्ये खाया झोंडो नावाचा एक फलंदाज बसलेला होता. काळा आफ्रिकन, मधल्या फळीतला, मालिकेच्या सुरुवातीपासून संघाबरोबर. ड्युमिनी जायबंदी होऊन बाहेर पडल्यावर मधल्या फळीत जागा होती. तिथे खेळला डीन एल्गार, ज्याला कसोटी संघातून आणलं होतं. त्यानंतर काळ्या खेळाडूंच्या एका गटाने बोर्डाला पत्र लिहिलं की आम्हाला फक्त आकडा भरायला दौऱ्यावर नेऊ नका. २०२१ मध्ये बोर्डाने सामाजिक न्यायाची सुनावणी भरवली तेव्हा झोंडोने हे सगळं सांगितलं. तेव्हाचा कर्णधार डिव्हिलियर्सचं म्हणणं असं की आपण प्रत्येक निर्णय संघाच्या भल्याचा म्हणूनच घेतला, वंशाचा त्यात संबंध नव्हता. त्याच्या मनात काय होतं हे मी कसं सांगणार? पण झोंडोला पहिला वनडे मिळाला फेब्रुवारी २०१८ मध्ये, सेंच्युरियनला, तोही आपल्याविरुद्धच. वानखेडेची ती पाटा खेळपट्टी आणि ते ४३८ त्याच्या वाट्याला आलं असतं तर त्याची कारकीर्द कशी गेली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

---

लेस्टरची_वैदेही | १ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

इंग्लंडमधून लिहितेय. आमच्याकडे हाच साचा, फक्त आपल्या मुलांसाठी वेगळा बनवलेला.

माझा मुलगा मध्यमगती टाकतो. टाचेचा ठसा कुठे पडतो ते बघून रनअप मोजणारा पोरगा आहे. एका कौंटीच्या वयोगट निवडीला गेलो. जाळ्यांसमोर तीन रांगा होत्या. यादी हातात घेतलेल्या प्रशिक्षकाने त्याच्याकडे बघितलं, आडनाव वाचलं, आणि काही न विचारता त्याला फिरकीवाल्यांच्या रांगेत उभं केलं. तिथे सात मुलं होती. सातही आपल्याकडची, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेशची. पोराने सांगितलं, मी सीम टाकतो. ते म्हणाले, "आधी थोडी फिरकी दाखव, बघू." त्याने दाखवली, कशीबशी. नंतर आलेल्या अभिप्रायात लिहिलं होतं, मनगट छान आहे, क्षेत्ररक्षणात चपळाई हवी. क्षेत्ररक्षण कुणी घेतलंच नव्हतं.

घरी येताना गाडीत तो मला म्हणाला, "आई, मी लेगस्पिन शिकू का?" मला त्या प्रश्नाचा जेवढा राग आला तेवढा अभिप्रायाचा आला नाही. बारा वर्षांचं मूल स्वतःला त्यांच्या साच्यात बसवायला निघालं होतं.

इथल्या बोर्डाने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल जून २०२३ मध्ये आला. वंशवाद, लिंगभेद आणि वर्गभेद इंग्लिश क्रिकेटमध्ये मुरलेले आहेत असं त्यात स्वच्छ लिहिलंय. हौशी क्रिकेट इथे आपल्या लोकांच्या जिवावर चालतं, रविवारी कुठल्याही मैदानावर जाऊन बघा. व्यावसायिक संघांत ती गर्दी कुठे नाहीशी होते? आणि कॅरिबियन मुळांच्या खेळाडूंची संख्या तर पाव शतकात पार घसरली. डेव्हन माल्कमने १९९४ ला ओव्हलवर ५७ धावांत ९ बळी घेतले, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच. पुढच्याच वर्षी एका क्रिकेट मासिकाने लेख छापला की परदेशी मुळांचे खेळाडू इंग्लंडसाठी मनापासून खेळतील का. माल्कम आणि डिफ्रेटस कोर्टात गेले, मासिकाला माफी मागावी लागली.

---

दापोडीकर | १ डिसेंबर, रात्री ९.००

धागा आफ्रिकेचा आहे, पण दलित गोलंदाज पळवणकर बाळूंचं नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाने यावर बोलू नये असं मला वाटतं.

तिथे रंग, इथे जात. पण कामाची वाटणी बघा. पुण्याच्या साहेबांच्या क्लबात बाळू महिना चार रुपयांवर रोलर फिरवायचे, जाळी लावायचे आणि ग्रेगसारख्या फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करायचे. सराव साहेबांचा, घाम बाळूंचा. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. पुढे हिंदू संघाला त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज पडली तेव्हा मैदानात घेतलं, आणि चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ सपाटून हरत होता आणि हा माणूस ११४ बळी घेऊन आला. कर्णधारपद? कधीच नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या पै यांनी स्वतः जाहीरपणे म्हटलं होतं की हा मान बाळूंचा होता. शेवटी १९२३ ला धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची) जिंकून दाखवली.

गोलंदाजी म्हणजे राबणं आणि फलंदाजी म्हणजे खानदानीपणा, ही समजूत आपल्याकडे इंग्रजांनी आणली आणि आपण ती आपल्या उतरंडीत फिट्ट बसवली. त्यामुळे आफ्रिकेचं वाचताना मला ते दूरचं वाटत नाही.

---

क्षिप्रा | १ डिसेंबर, रात्री ९.४५

मंदार, खेळाडूंचं कळलं. प्रशिक्षकांचं काय? तिथे काही नियम आहे ना?

---

टेक्ससवरून_मंदार | २ डिसेंबर, सकाळी ७.५०

आहे. रूनी नियम, २००३ पासून. मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, हे त्याचं मूळ रूप. नेमणुकीची सक्ती नाही, फक्त मुलाखतीची. चार वर्षांत, २००७ च्या सुपर बोलमध्ये, दोन्ही प्रशिक्षक काळे होते, डंजी आणि स्मिथ. वाटलं की दार उघडलं. नंतर परत संख्या घसरली.

२०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या काळ्या प्रशिक्षकाने लीगवर दावा लावला. न्यूयॉर्क जायंट्सच्या मुलाखतीच्या तीन दिवस आधी त्याला बिल बेलिचिक या दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचा मेसेज आला, नोकरी मिळाल्याबद्दल अभिनंदन. मेसेज चुकून आला होता. अभिनंदन ब्रायन डेबॉल या दुसऱ्या ब्रायनचं होतं. म्हणजे फ्लोरेसचं म्हणणं असं की माणूस ठरलेला होता आणि माझी मुलाखत फक्त नियमाच्या पूर्ततेसाठी. जायंट्सने हे नाकारलं. नोकरी डेबॉललाच मिळाली. फ्लोरेस त्या मुलाखतीला तरीही गेला होता, तयारी करून.

---

सरळबॅट | २ डिसेंबर, सकाळी ९.१५

वाचतोय सगळं. वैदेहीताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते चूकच.

पण माझा प्रश्न तसाच आहे. आफ्रिकेत आज सतरा वर्षांचा एखादा गोरा मुलगा आहे. वर्णभेद संपल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. त्याने कुणाचं काय वाकडं केलंय? त्याने का जागा सोडायची? आणि किती वर्षं?

---

गोदाकाठ | २ डिसेंबर, रात्री १०.३०

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला पळवाट काढून उत्तर देणार नाही. त्या मुलावर काही वेळा अन्याय होतो. होतो, हे मी मानतो, आणि तो सोसणाऱ्याला "इतिहास वाच" म्हणून गप्प करणं मला आवडत नाही.

पण २०१६ पासूनचा नियम नीट बघा. हंगामाच्या सरासरीत अकरांपैकी किमान सहा खेळाडू गोरेतर, त्यांत किमान दोन काळे आफ्रिकन. ८१ टक्क्यांसाठी अकरात दोन जागा. ७ टक्क्यांसाठी पाच जागांपर्यंत वाव. सतरा वर्षांच्या गोऱ्या मुलासमोर दार बंद आहे असं हे आकडे म्हणत नाहीत.

आणि त्या दोन जागांवर कोण येतं? रबाडा सेंट स्टिथियन्सचा, एन्गिडी शिष्यवृत्तीवर हिल्टनचा. दोन्ही देशातल्या महागड्या खाजगी शाळा. म्हणजे नियमाचीही निवड पुन्हा त्याच हिरव्या मैदानांतून होते. माझा कोट्यावरचा आक्षेप हा आहे, तुमच्यापेक्षा वेगळा. बोर्डाने वरच्या अकराचा हिशोब मांडला आणि खालच्या हजारो शाळांत टर्फ खेळपट्ट्या टाकल्या नाहीत. वरचा आकडा टीव्हीवर दिसतो, खालची खेळपट्टी दिसत नाही. काळे फलंदाज कमी असण्याचं मूळ तिथे आहे, आणि ते सुधारलं असतं तर कोट्याचा वाद आज इतका पेटता राहिला नसता.

"त्यांच्यात क्रिकेटची परंपराच नाही" असंही कुणीतरी लवकरच लिहील, म्हणून आधीच सांगतो. पूर्व केपमध्ये लव्हडेल, हील्डटाउन या मिशनरी शाळांत काळी मुलं एकोणिसाव्या शतकापासून क्रिकेट खेळतायत. मंडेला हील्डटाउनला शिकले. १८९० च्या दशकात क्रोम हेंड्रिक्स नावाचा मिश्रवंशीय वेगवान गोलंदाज केपमध्ये होता. इंग्लंडचा संघ त्याच्याविरुद्ध खेळला आणि त्याच्या वेगाने चकित झाला. १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्याचं नाव पुढे आलं. तेव्हा केप वसाहतीचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स होते, आणि त्यांच्या वर्तुळातल्या लोकांनी ते हाणून पाडलं. सामान सांभाळणारा म्हणून येतोस का, असंही सुचवण्यात आलं. त्याने नकार दिला. पीटरसनकडे आई इंग्लिश असल्याने दुसरा देश होता आणि तो १०४ कसोटी खेळला. हेंड्रिक्स एकही खेळला नाही. परंपरा होती, ती मोडून टाकली गेली.

किती वर्षं म्हणालात. मला वाटतं तारीख ठरवून हे संपणार नाही. एन्टिनीने २०२० मध्ये मुलाखतीत सांगितलं की संघाबरोबर असताना जेवायला चल म्हणून त्याच्या खोलीचं दार कुणी वाजवायचं नाही. बसमध्ये तो मागे बसला की बाकीचे पुढे जायचे. शेवटी तो बॅग बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि मैदानापर्यंत पळत जायचा, परतही पळत यायचा. संघातले लोक समजायचे की याला फिटनेसचं भारी वेड. समालोचक त्याच्या दमसासाचं कौतुक करायचे. मीही केलंय, टीव्हीसमोर बसून. तेव्हा तो शंभर कसोटींकडे निघालेला खेळाडू होता, नवखा नव्हे.

सरळबॅट, तुमच्याशी आणखी बोलायला आवडेल, फक्त एक विनंती सगळ्यांनाच. यापुढे या धाग्यावर कुणाला "कोट्यातला" म्हणायचं असेल तर खेळाडूचं नाव, सामना, आणि त्याच्या जागी कोण आणि का खेळायला हवा होता, एवढं लिहा. मग त्या सामन्यावर बोलू.